टॉवेल, बादली आणि शेजारचं घर

(अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांचा खडखडाट.)

हा आवाज सोलापूरकरांच्या कानांना सवयीचा. मागावरून उतरतोय तो टेरी टॉवेल. देशभर जातो, परदेशातही जातो. आणि घरातला कचरा कमी कसा करावा, याचा एक धागा अशाच एका टॉवेलपाशी सापडतो.

अमेरिकेतल्या एका हॉटेलात गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या संशोधकांनी बाथरूममध्ये वेगवेगळी कार्डं ठेवली. एकावर नेहमीचंच: पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी ऐकलं. दुसऱ्यावर लिहिलं, इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात. आकडा 44 वर गेला. पुढच्या फेरीत 'याच खोलीत उतरलेले बहुतेक' असं लिहिलं, तर 49! खोली तीच असल्यानं असा काय फरक पडतो? काहीच नाही. पण माणूस शेजार बघून वागतो. अभ्यास 2008 सालचा.

(सोलापूरच्या पूर्व भागातलं एक स्वयंपाकघर. ओट्याखालची बादली.)

"ओला-सुका वेगळाच टाकतो की!" विचारलं की हेच उत्तर येतं. बादली काय म्हणते? चहाचा चोथा, शेंगांची टरफलं, कढीपत्त्याच्या काड्या. आणि त्यातच दुधाच्या पिशवीचा कापलेला इवलासा कोपरा. तो कोपरा पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही. पिशवीला लोंबता ठेवला असता, तर निदान तिच्यासोबत भंगारात गेला असता.

भाकरी मात्र बादलीत नाही. कडक भाकरीच्या गावात ती कशाला टाकतील?

ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथजे यांनी 1973 पासून टूसॉनमधला घरोघरचा कचराच उपसला. लोक किती बिअर पितो म्हणून सांगत आणि कचऱ्यात किती डबे निघत, याचा मेळ बसेना. तेव्हा सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घ्या, पण बादलीही बघा.

आणि घंटागाडीच्या भोंग्यावरून 'लोक कचरा मिसळतात हो' अशी ओरड नको. ॲरिझोनातल्याच एका राष्ट्रीय उद्यानात 'बरेच जण इथलं अश्मीभूत, म्हणजे दगड झालेलं, लाकूड उचलून नेतात' अशी पाटी लावली. चोरी घटायची, ती वाढली. गल्लीत दहापैकी सात घरं कचरा वेगळा करत असतील, तर सात म्हणा, गल्लीचं नाव घेऊन म्हणा. तीनच करत असतील, तर आकडा सांगूच नका. आधी त्या तीन घरांच्या बादल्या दारात दिसू द्या.