सव्वातीन मिनिटांचे भावगीत

दहा इंची काळी तबकडी हातात घेतली की पहिल्यांदा जाणवते ते तिचे वजन. लाखेच्या मिश्रणातून दाबून काढलेली ही वस्तू हातातून निसटली तर फुटते आणि मिनिटाला 78 फेरे घेत फिरू लागली की साधारण सव्वातीन मिनिटांत सुई मधल्या लेबलापाशी येऊन पोहोचते. मराठी भावगीताचा जो आकार आपल्या कानांत बसला आहे, तो पुष्कळ अंशी या सव्वातीन मिनिटांनी घडवला.

ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि घरोघरी पोहोचली. त्यांच्या मागून गायक-संगीतकार गजानन वाटवे आले. मैफलीत एखादी ओळ हवी तितकी घोळवता येत असे. तबकडीवर मात्र आरंभीची सुरावट, ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि त्यांच्यामधले व्हायोलिनचे किंवा बासरीचे मोजके तुकडे एवढ्यातच सगळे बसवावे लागे, त्यामुळे चौथे कडवे कितीही सुंदर असले तरी ते बहुधा कवितासंग्रहातच राही. त्यातून, टेप येण्यापूर्वी ध्वनिमुद्रण थेट मेणाच्या तबकडीवर होत असल्याने शेवटच्या ओळीत चूक झाली तरी गाणे पहिल्यापासून गावे लागे.

या बंधनाने गाण्याचे नुकसानच झाले, असे मात्र म्हणवत नाही. पी. सावळाराम यांनी लिहिलेले, वसंत प्रभू यांनी चाल दिलेले आणि लता मंगेशकर यांनी गायलेले ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ ऐकावे. सासरी निघालेल्या लेकीला आई निरोप देते, एवढाच प्रसंग. पण त्यात एकही सूर रेंगाळत नाही, आणि कदाचित म्हणूनच ‘दिल्या घरी तू सुखी राहा’ हे शब्द गाण्यातून सुटून बोलण्यात रुळले.

पुढे रेडिओने हे घड्याळ बाजूला ठेवले. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी आठवड्यागणिक गीत लिहावे, सुधीर फडक्यांनी त्याला चाल द्यावी, असे करत 56 गीते झाली. वर्षाचे आठवडे 52. पण त्या साली अधिक मास आला होता.

या गीतांना तबकडीची मुदत नव्हती. भरताची समजूत घालणारे ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ हे गीत आठांहून अधिक कडव्यांचे आहे, आणि फडके ते कुठेही घाई न करता गातात. सागरात क्षणभर भेटणाऱ्या दोन ओंडक्यांचे कडवे आज सर्वांत जास्त लोकांच्या तोंडी आहे, आणि ते गीतात बरेच उशिरा येते. जुन्या तबकडीवर तिथवर पोहोचण्याआधीच सुई लेबलाला टेकली असती.