थम लागला का?

(दृश्य : सकाळचे साडेनऊ. टिनाच्या शेडखाली पिशव्यांची रांग.)

या रांगेत माणसं नाहीत, पिशव्या आहेत. नायलॉनच्या, कापडाच्या, दोन युरियाच्या धुतलेल्या गोण्या, एक पत्र्याचा डबा. ज्याची पिशवी पुढे, त्याचा नंबर पुढे. माणसं पलीकडे लिंबाखाली बसलीत. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या बाजूला आमचं हे गाव, आणि हे गावातलं रेशनचं दुकान. पण रेशन कोणी म्हणत नाही. आम्ही म्हणतो कंट्रोल. कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलचे गहू. धान्यावरच्या सरकारी नियंत्रणाचा जुना शब्द, तो इथे मुरला तो मुरलाच.

मी आलोय एका गाडीबद्दल विचारायला. ती गाडी या गावात नाही, तालुक्यातही नाही.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर परदेशी दुकानातली ढकलगाडी. भोवती पाच-सहा डोकी.)

मोठ्या मॉलमध्ये सामान टाकून ढकलतात तीच गाडी, पण हिला डोळे आहेत. कडेला कॅमेरे, तळाशी वजनकाटा, दांड्याजवळ छोटा पडदा. तुम्ही साबण टाकला की कॅमेरा त्याचा बारकोड वाचतो, काटा वजन पाहतो आणि पडद्यावर किंमत चढते. साबण परत काढला तर वजन उतरतं, किंमतही उतरते. कांदे-बटाट्यांवर बारकोड नसतो. तिथे पडद्यावर नाव निवडायचं आणि गाडीतच तोलायचं. शेवटी काउंटर नाही, रांग नाही. बाहेर पडलात की खात्यातून पैसे कापले जातात.

पहिली प्रतिक्रिया एका आजीची. "लेकराची गाडी होय का हे?"

सगळे हसले. मी नाही हसलो. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने १९३७ मध्ये पहिली ढकलगाडी आणली, तेव्हा तिथल्या बायकांनीही जवळपास हेच म्हटलं होतं. आयुष्यभर बाळाच्या गाड्या ढकलल्या, आता इथे नको. पुरुषांना तर गाडी ढकलणं म्हणजे हातात जोर नसल्याची कबुलीच वाटली. शेवटी गोल्डमनने पैसे देऊन माणसं ठेवली. त्यांनी खोटे गिऱ्हाईक बनून दिवसभर गाड्या ढकलायच्या, म्हणजे खरे गिऱ्हाईक बघून बघून शिकतील.

आता प्रश्न असा की पैसे कापायचे ते कोणाच्या खात्यातून, हे गाडीला कळतं कसं. ॲमेझॉनची डॅश कार्ट २०२० मध्ये आली, तिच्यात मोबाइलवरचा कोड दाखवून आपलं खातं उघडावं लागतं. पण मोबाइल तरी कशाला, शरीरच दाखवा, असं म्हणणारी यंत्रंही त्याच काळातली. चीनमध्ये हांगझोऊ शहरातल्या एका केएफसीत २०१७ पासून चेहरा दाखवून जेवणाचे पैसे देता यायला लागले. २०२० मध्ये सिएटलमध्ये ॲमेझॉनने तळहाताचं यंत्र बसवलं. हात वर धरायचा, टेकवायचाही नाही. यंत्र तळहाताच्या रेषा पाहायचं आणि कातडीखालच्या शिरांची जाळीही. गाडी आणि तळहात यांची सोयरीक जुळली की पाकीट, कार्ड, मोबाइल सगळं घरी.

वॉलमार्टने तर एका पेटंटसाठी अर्ज केला होता, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गाडीच्या दांड्यातच सेन्सर. दांडा धरला की नाडीचे ठोके, तळहाताची ऊब, पकडीचा जोर, ढकलण्याचा वेग मोजायचा. गिऱ्हाईक वैतागलंय असं वाटलं तर नोकराला तिकडे पाठवायचं. अर्ज म्हणजे बाजारात आलेली वस्तू नव्हे, हे खरं. पण मी हे सांगितलं तेव्हा लिंबाखालून एक जण म्हणाला, "भाव पाहूनच ठोके वाढते. त्याले मशीन कायले पाह्यजे?"

(दृश्य : दुकानाच्या खिडकीत काळं यंत्र. त्यावर टेकलेला अंगठा, अगदी जवळून.)

इथे कोणालाही बायोमेट्रिक म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. गेली कित्येक वर्षं प्रत्येक महिन्याला हे गाव आपलं शरीर दाखवून धान्य नेतंय. इथे त्याला थम म्हणतात. थम लागला का, थम आला नाही, थम द्यायला गेली. माझ्या आजोबांच्या वेळी अंगठा उठवणारा म्हणजे अडाणी. सावकाराच्या कागदावर शाईचा काळा ठसा. आता बारावी झालेली पोरगीही अंगठाच लावते.

आता या अंगठ्याकडे नीट बघा. हा मघाच्याच आजीचा. दिवाळीपासून त्या वेचणीला जातात. कापसाचं बोंड उललं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात, आणि कापूस ओढताना बोटाची टोकं नेमकी तिथेच घासतात. दिवसभरात हजारदा. नखाच्या कडेला चिरा पडल्यात, त्यात काळं भरलंय, धुऊन निघत नाही. आणि अंगठ्याच्या मधोमध, जिथे रेषांचा भोवरा असायला हवा, तिथे जागा गुळगुळीत आहे. घासलेल्या पायरीसारखी.

यंत्राच्या काचेखाली दिवा असतो. अंगठ्याच्या उंच रेषा काचेला चिकटतात, मधल्या खाचा चिकटत नाहीत, त्या फरकातून चित्र उमटतं. यंत्र मग रेषा कुठे संपते, कुठे फुटते ते टिपून आधारच्या नोंदीशी ताडायला पाठवतं. कातडी कोरडी असली की रेष काचेला धड चिकटतच नाही आणि चित्रात तुटक तुटक येते. हिवाळ्यात तर विचारूच नका. म्हणून रांगेतल्या बाया बोट लावण्याआधी ते डोक्याच्या केसांवरून फिरवतात. तेवढंच तेल. हा उपाय कुठल्या पुस्तिकेत छापलेला नाही.

पहिल्यांदा लावला. नाही.

दुसरं बोट. नाही.

"पुसून लावा आजी, दाबू नका लई." नाही.

ओटीपीची सोय आहे. पण कार्डाला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा पुण्याला कंपनीत, आणि ड्युटीवर मोबाइल गेटवर जमा. दुकानदार आजींना चाळीस वर्षं ओळखतो. त्यांच्या लग्नात जेवलेला माणूस आहे तो. पण यंत्र हो म्हणाल्याशिवाय पावती निघत नाही, आणि पावतीशिवाय दिलेलं धान्य हिशेबात त्याच्या अंगावर येतं. आजींचं कार्ड अंत्योदयचं, म्हणजे सगळ्यांत गरीब घरांचं, महिन्याला पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. फुकट आहे, पण खिडकीच्या आत आहे.

मोबाइलवरची गाडी अजून फिरतेच आहे. आजींनी तिच्याकडे परत एकदा पाहिलं आणि विचारलं, "अन् तिथं बोट नाई लागलं, तं सामान परत ठेवा लागते का?"

तिथे बोट नाही लागलं तर माणूस खिशातून कार्ड काढतो, आजी. नाहीतर पलीकडच्या दुकानात जातो. एवढाच फरक, आणि तोच सगळा फरक. तिकडे अंगठा ही सवलत आहे. इथे ती चावी आहे, आणि दुसरी चावी पुण्यात गेटवर जमा आहे.

(दृश्य : रस्त्यापलीकडचं किराणा दुकान. तराजू, तेलाचा पिंप, लाल कापडी बांधणीची वही.)

पलीकडे किराणा आहे. तिथे चिकटवलेला क्यूआर कोडही आहे, पोरं त्यावर पैसे टाकतात. बाकी गावाची गाडी वहीवर चालते. वहीत आडनावं फारशी नाहीत. विहिरीजवळची. मास्तरचा धाकटा. बंडीवाला. पाच रुपयांचं तेल, दहाची साखर, विड्याचं बंडल; चुकतं करायचं कापूस विकल्यावर. मी किराणावाल्या भाऊंना गाडी दाखवली. त्यांनी पूर्ण पाहिली, धंद्याच्या नजरेने, आणि एकच विचारलं. "इले उधार समजते का?"

नाही समजत. तिला पैसे असलेला माणूस ओळखता येतो. पैसे कापसावर येणारा माणूस तिच्या नोंदीत नाही. उगाच वहीची आरती ओवाळायची नाही मला; या वहीत व्याज किती धरलंय हे गिऱ्हाइकाला कधी नीट वाचता आलं नाही, आणि तुरीच्या हंगामात ती कशी फुगते हे मी घरी पाहिलंय. पण भाऊंना सांगता तरी येतं, की बाप्पा, या वर्षी बोंडअळी पडली.

आणि तिकडेही सगळं सुरळीत झालंय असं नाही. दुकानाच्या छताला कॅमेरे लावून नुसतं उचला आणि निघा असं सांगणारी सोय ॲमेझॉनने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या अमेरिकेतल्या फ्रेश नावाच्या किराणा दुकानांतून काढायची ठरवली आणि भर ढकलगाडीवर दिला. गिऱ्हाइकांना म्हणे खरेदी करताकरता बिल डोळ्यासमोर दिसायला हवं होतं. हे मी भाऊंना सांगितलं, तर ते वहीवर बोट ठेवून गालात हसले.

(दृश्य : पुन्हा कंट्रोल. दुपारचा एक.)

चौथ्यांदा लावला, उजव्या हाताचं मधलं बोट. मग सर्व्हर गेला. सर्व्हर गेला म्हणजे रांगेतल्या सगळ्यांचीच बोटं एकदम गेली. वेचणारी, न वेचणारी, सगळी सारखी. लोक उठायला लागले. शेतात जायचंय, मजुरी बुडते.

आजींनी आपली पिशवी उचलली नाही. निळी, एक बंद तुटलेला, तिथे साडीच्या काठाची गाठ मारलेली. ती कोणाची हे इथे कोणालाही विचारा.

"राहू दे इथंच," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "उद्या येतो."