फावडं, दलदल आणि हवेतलं जहाज

खिडकीखाली फावडं मातीत घुसतंय. वडील वाकून खणतायत. वर खिडकीशी मुलगा बसलाय, बोटांत पेन. आजोबा तर दलदलीतून पीट कापण्यात पटाईत. पीट म्हणजे वाळवून चुलीत जाळायची काळी माती. मुलाकडं फावडं नाही. तो म्हणतो, मी पेनानंच खणेन.

ही आयरिश कवी शेमस हीनी यांची कविता, ‘डिगिंग’. जन्म १९३९, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी परगण्यातलं मॉसबॉन हे शेत. नऊ भावंडांत थोरले. वडील गुरांचे व्यापारी. १९६६च्या ‘डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट’ या संग्रहात बेडकांची अंडी आहेत, लोणी घुसळणं आहे, बुरशी धरलेल्या ब्लॅकबेरी आहेत. आणि अपघातात गेलेल्या धाकट्या भावाची शवपेटी. चार फुटांची, वयाच्या दर वर्षाला एक फूट. बाकी काही सांगतच नाहीत ते.

१९६९ला उत्तर आयर्लंड कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षानं पेटलं. कवीकडून बाजू घेण्याची अपेक्षा होऊ लागली. हीनी मात्र पुन्हा दलदलीकडंच वळले. डॅनिश पुरातत्त्वज्ञ पी. व्ही. ग्लोब यांच्या पुस्तकात त्यांना दलदलीनं दोन हजारांवर वर्षं जपलेली माणसं भेटली. त्यातल्याच, डेन्मार्कमधल्या टोलंडच्या माणसाच्या गळ्यात दोर अजून तसाच, हनुवटीवरचे खुंटही तसेच. बळी दिलेल्या या देहांत त्यांना आपल्याकडचे मुडदे दिसले.

या कवितांच्या १९७५च्या ‘नॉर्थ’ संग्रहावर टीका झाली: खून पडतायत आणि हे त्यांना मिथकाचा साज चढवतायत! आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण त्यातली ‘पनिशमेंट’ ही कविता वाचा. शिक्षा भोगून दलदलीत गाडलेल्या मुलीला कवी सांगतो, मी तिथं असतो तर गप्प राहून दगडच मारले असते. इथं आरोपीच्या पिंजऱ्यात कवी स्वतः उभा आहे.

मग आई गेली, दोन वर्षांनी वडील गेले. आईवरच्या सुनीतांत एक बादली आहे आणि दोघं मिळून सोललेले बटाटे.

पन्नाशी ओलांडल्यावर मात्र खाली खणणारा हा कवी वर बघू लागला. १९९१च्या ‘सीइंग थिंग्ज’ या संग्रहात आयर्लंडमधल्या क्लॉनमॅकनॉइझच्या मठाची जुनी आख्यायिका येते. भिक्षू प्रार्थनेत असताना छताखाली हवेत जहाज तरंगत येतं. नांगर वेदीच्या कठड्यात अडकतो. तो सोडवायला एक खलाशी दोरावरून उतरतो, पण जमेना. मठाधिपती म्हणतात, मदत करा, इथं तो बुडेल. भिक्षू नांगर मोकळा करतात. खलाशी दोर धरून परत वर चढतो. त्याच्या लेखी अद्भुत होतं ते खाली, फरशीवर.