प्यूमाची पंगत

(खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढं येऊन बसा की, खुर्च्या रिकाम्याच आहेत. बिबट्या काही मी पिशवीतून आणलेला नाही.

मागं एक व्हिडिओ तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता, आठवतोय का बघा. डोंगरातल्या पायवाटेवर एक माणूस मागं मागं सरकतोय आणि समोरून एक पिवळसर मोठं जनावर गुरगुरत त्याच्याकडं येतंय. मधेच पुढचे दोन पाय आपटून अंगावर येतंय, पुन्हा थबकतंय. असं जवळजवळ सहा मिनिटं. खाली मजकूर होता, ‘चोर्ला घाटातील थरार’. माझ्या मेहुण्यानं तो मला तीनदा पाठवला आणि वर फोन करून सांगितलं, ‘‘दाजी, आता कणकुंबीकडनं गोव्याला जाऊ नका.’’

तो घाट चोर्ल्याचा नव्हता. ते अमेरिकेतलं युटा राज्य होतं आणि साल होतं २०२०. जनावर होतं प्यूमा. त्यालाच कूगर म्हणतात, माउंटन लायन म्हणतात, कुठं पँथर म्हणतात. एकट्या इंग्रजीतच त्याला चाळीसएक नावं आहेत. आपल्याकडं मात्र पट्टेरी असो, बिबट्या असो, सगळ्यांना मिळून एकच शब्द, ‘वाघरू’. तर ती मादी होती आणि तिची पिल्लं तिथंच जवळ होती. ती त्या माणसाच्या शिकारीला निघाली नव्हती. नको असलेल्या पाहुण्याला ती वेशीबाहेर घालवून येत होती. तो पुरेसा लांब गेल्यावर ती वळली आणि गेली. तिला त्याला धरायचंच असतं तर सहा मिनिटं लागली नसती.

हा प्यूमा म्हणजे कॅनडातल्या युकॉनपासून पार चिलीच्या दक्षिण टोकापर्यंत पसरलेला प्राणी. बर्फात राहतो, वाळवंटात राहतो, दाट जंगलातही राहतो. अंगानं आपल्या बिबट्याएवढा, कधी थोडा मोठा. पण नात्यानं तो वाघ-सिंहांपेक्षा तुमच्या चुलीजवळच्या माऊला जवळचा. त्याला डरकाळी फोडता येत नाही. तो मांजरासारखा घुरघुरतो आणि माजावर आलेली मादी किंचाळते. ते किंचाळणं रात्री ऐकलं तर आपल्याकडची माणसं दुसऱ्या दिवशी देवऋषाकडं जातील.

मी जीवशास्त्राचा मास्तर. तीस वर्षं वर्गात सांगत आलो की मांजरकुळातले प्राणी एकलकोंडे, सिंह तेवढा अपवाद. पुस्तकात तसंच होतं. नर-मादी मिलनापुरते एकत्र येतात, पिल्लं दीड-दोन वर्षं आईजवळ राहतात, मग ज्याची वाट त्याला. ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. इतकी वर्षं ज्या मुलांनी माझ्याकडून ते पाठ केलं त्यांची आज माफी मागतो. दोघं-तिघं समोर बसलेतही.

ते चित्र पुरं केलं अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या एका अभ्यासानं. टेटॉन नावाची पर्वतरांग आहे. तिथं मार्क एल्ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्यूमांच्या गळ्यात पट्टे बांधले. पट्ट्यामुळं जनावर कुठं आहे ते कळतं. ते एकाच जागी रेंगाळलं की समजायचं, शिकार झाली. मग तिथं जाऊन, हालचाल झाली की आपोआप चित्रण करणारे कॅमेरे लावायचे. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही दांडगं हरीण. एवढं जनावर मारलं की प्यूमा एका बैठकीत संपवू शकत नाही. तो ते पाल्यानं, बर्फानं झाकून ठेवतो आणि दिवसेंदिवस खातो. म्हणजे ते त्याचं भरलेलं ताट झालं.

आता त्या ताटावर दुसरा प्यूमा आला तर? आपण म्हणणार, फाडाफाडी. कॅमेऱ्यात दिसलं ते वेगळंच. दुसरी मादी येते. पहिली कान मागं पाडते, दात दाखवते, फिसकारते. आलेली थोडी लांब बसते, दुसरीकडंच बघत असल्यासारखी. वेळ जातो. हळूहळू ती सरकत पुढं येते आणि शेवटी दोघी एकाच धडावर, कधी आळीपाळीनं, जेवतात. पंगतच म्हणा की, वाढपी नसलेली. २०१७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा शंभराहून जास्त भेटी त्यांनी नोंदल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक शिकारीवरच झालेल्या.

मला वाटलं, बहिणी असतील, मायलेकी असतील. तर तसंही नाही. नात्याचा आणि वाटून खाण्याचा मेळ बसत नव्हता. मेळ बसत होता तो वेगळ्याच गोष्टीशी. जिनं मागं मला खाऊ दिलं, तिला मी खाऊ देणार. आमच्या आईचा नियम होता, शेजारणीकडून आमटीची वाटी आली की ती रिकामी परत पाठवायची नाही. चार भजी घाला, नाहीतर चिमूटभर साखर घाला, पण रिकामी नाही. त्या प्यूमांचं साधारण असंच चाललेलं. भाऊबंदकीपेक्षा शेजार कामाला येतो हे आपल्या गावांना नवं नाही, पण ते जनावरांत बघून मी गार झालो. नर मात्र इथंही नरासारखेच. माद्यांच्या ताटात जेवायला पुढं, द्यायला मागं. समोरच्या बायका हसायला लागल्यात. ह्यावर मी काही बोलत नाही.

पण त्याच नरांचं एक काम आहे. एक मोठा नर आपली हद्द राखतो आणि त्या हद्दीत चार-सहा माद्यांच्या छोट्या हद्दी असतात. त्या एका नराच्या हद्दीतले प्यूमा एकमेकांना जास्त भेटतात, ओळखतात. म्हणजे ती एक वाडी झाली. वाडीतली घरं लांब लांब आहेत, एवढंच. किती लांब? नर प्यूमाची हद्द कित्येक ठिकाणी दोन-चारशे चौरस किलोमीटर भरते. आपलं अख्खं भीमगड अभयारण्य सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. तिथं हा एकटा गडी कसाबसा मावेल. आपल्या बिबट्याला खाणं दाटीनं मिळतं, त्यामुळं त्याचं थोडक्यात भागतं.

हद्द राखायची कशी, हे सांगायला हवं. सीमाप्रश्न म्हटला की आपल्याकडं सभा, मोर्चे, कोर्टाच्या तारखा. वाघरू रोज उठून भांडत नाही, भांडणं त्याला परवडत नाहीत. पाय दुखावला की शिकार गेली, शिकार गेली की जीव गेला. म्हणून ते लिहून ठेवतं. मागच्या पायांनी माती उकरून छोटे ढीग करतं, त्यावर मुततं. झाडाच्या बुंध्यावर नखं ओढतं, शेपूट वर करून फवारा मारतं. येणारा जाणारा हुंगतो आणि वाचतो: इथं कोण राहतं, नर की मादी, कधी गेलं.

जांबोटीच्या पुढं एका गवळ्याबरोबर मी चाललो होतो. पावसाळा नुकता सरलेला, सकाळची वेळ. तो एकदम थांबला आणि नाक वर करून म्हणाला, ‘‘मास्तर, हितं भात कुणी टाकलाय?’’ आसपास घर नाही, धूर नाही. मलाही वास आला, ताज्या शिजलेल्या भाताचा, आणि भात साधा नव्हे, आपल्या बेळगाव बासमतीचा. तो मिश्कील हसत करवंदीच्या जाळीकडं बघत होता. जाळीच्या पानांवर खालच्या बाजूनं ओलसर थेंब होते आणि वाटेवर पट्टेरीचा पंजा, माझ्या तळहाताहून मोठा. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी हे उलगडून दाखवलंय. बासमतीला जे रसायन सुगंध देतं तेच वाघाच्या फवाऱ्यात असतं. गवळ्याला रसायन ठाऊक नव्हतं, वाघ कधी गेला ते ठाऊक होतं. ‘‘चला,’’ म्हणाला, ‘‘मालक आत्ताच फेरी मारून गेलेत. आता दुपारपर्यंत इकडं नाहीत.’’

सिंहाचं तुम्हाला माहीत आहे, कळप वगैरे, त्यात मी वेळ घालवत नाही. चित्त्याचं मात्र सांगतो, कारण कोल्हापूर आपल्याला जवळचं. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार चालायची, चित्तेवान घराणी होती. ही माणसं पिल्लू पाळायची नाहीत, जाणता चित्ता धरायची. शिकार आई शिकवते, माणूस शिकवू शकत नाही, हे त्यांना पक्कं कळलेलं. पण बाळगलेल्या चित्त्यांना पिल्लं होत नसत. अकबराकडं शेकड्यांनी चित्ते होते, आणि बंदिवासातल्या चित्तिणीला पिल्लं झाल्याची गोष्ट जहांगीरानं नवल म्हणून आपल्या आठवणींत लिहून ठेवली. पुढची नोंद थेट १९५६ सालची, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. कारण काय, तर चित्त्याचे नर बहुधा भावाभावांची टोळी करून राहतात आणि मादी एकटी हिंडते. तिला रात्रंदिवस नरांशेजारी डांबलं तर ती त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही. लांब ठेवा, मग भेटवा, तर जमतं.

बापाचंही एक सांगतो. आपण धरून चाललेलो की वाघ बाप म्हणून बिनकामाचा, उलट नवा नर पिल्लं मारतो. मारतोच, बिबट्यात मारतो, प्यूमात मारतो. पण रणथंभोरला २०११ साली एक वाघीण मेली आणि तिच्या दोन मादी पिल्लांना नर वाघानं सांभाळलं. टी-२५ त्याचं नाव. शिकारीवर त्यांना खाऊ दिलं, दुसऱ्या वाघिणीपासून राखलं. तिकडं टेटॉनमध्येही एका प्यूमा मादीनं दुसरीची पोरकी पिल्लं आपल्यात घेतली होती.

आता बेळगावचा बिबट्या. २०२२ चा ऑगस्ट. जाधवनगरात दिसला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत. आसपासच्या शाळा बंद. पिंजरे, ड्रोन, शेवटी शिमोग्याकडच्या सक्रेबैलूहून हत्ती आणले. महिनाभर शहर दुसरं काही बोलत नव्हतं, आणि बिबट्या सापडलाच नाही. त्या दिवसांत मी शहरात लेकीकडं होतो. जो तो म्हणायचा, ‘‘धरा आणि खानापूरच्या रानात नेऊन सोडा.’’ मी म्हणायचो, खानापूरच्या रानात काय जागा रिकामी ठेवलीय? तिथं प्रत्येक ओढ्यावर कुणाची ना कुणाची सही आहे.

हे मी हवेत बोलत नाही. जुन्नर भागात २००१ पासून पिंजऱ्यात धरलेले बिबटे दुसरीकडच्या रानात सोडायचं मोठ्या प्रमाणावर झालं. त्याआधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ वर गेले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडलाय. सोडलेलं जनावर बिथरलेलं, मुलूख अनोळखी, जुन्या घराकडं निघालेलं. मागं मोकळ्या झालेल्या हद्दीत नवे तरणे नर घुसतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात प्यूमाच्या बाबतीत असंच निघालं. जिथं शिकारी जास्त, तिथं पुढच्या वर्षी तक्रारी कमी होण्याऐवजी वाढलेल्या. पोक्त नर मारला की त्याच्या जागी दोन-तीन पोरसवदा येतात आणि त्यांना कुणाचाच धाक उरत नाही. गावचा जाणता पाटील गेल्यावर चावडीवर काय होतं, ते तुम्ही पाहिलंय.

त्याच २०२२ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमध्ये पी-२२ नावाचा प्यूमा गेला. दोन अवाढव्य महामार्ग ओलांडून तो शहरातल्या ग्रिफिथ पार्कमध्ये आलेला. दहा वर्षं जेमतेम वीस-पंचवीस चौरस किलोमीटरच्या झाडीत राहिला. चहूबाजूंनी रस्ते, त्यामुळं मादी तिथं पोचूच शकली नाही. शेवटी गाडीची धडक, आजारपण, आणि डॉक्टरांनी त्याला मरण दिलं. पुस्तकात एकलकोंडा म्हणतात तसा हा एकच मला सापडला, आणि तोही रस्त्यांनी केलेला.

शेवटी आमच्याच पाहुण्यांच्या मळ्यातलं. निपाणीकडं, गळीत हंगाम सुरू. ऊसतोड्यांना फडाच्या मधोमध बिबट्याची दोन पिल्लं सापडली, डोळे नुकते उघडलेली. माणसं गोळा झाली, फोटो निघाले, एकानं पिल्लू उचलून पोटाशी धरलं. फॉरेस्टवाले आले. त्यातल्या एका पोरगेल्या गार्डनं कन्नडमिश्रित मराठीत सगळ्यांना दमात घेतलं आणि पिल्लं जिथं होती तिथंच एका बुट्टीत पाचटावर ठेवली. तोड थांबवली, मुकादम कुरकुरला. रात्री सगळे लांब बसलो, कुत्रीसुद्धा बांधली. कॅमेरा नव्हता, त्यामुळं आई मी पाहिली नाही. पहाटे गेलो तेव्हा बुट्टी कलंडलेली, आत एकच पिल्लू. दुसऱ्या रात्री तेही गेलं. मातीत तिचे पंजे उसाच्या सरीतून ओढ्याकडं गेलेले, आणि ओढ्याच्या काठाला तिच्या पंजांपेक्षा मोठे आणखी एकाचे. ते थांबलेले होते, उकरलेल्या मातीपाशी. मुकादम म्हणाला, ‘‘मास्तर, आता तरी कोयता लावू काय?’’