पाण्याची पातळी आधी, स्विच नंतर

उपस्थित शिक्षक आणि प्रयोगशाळा साहाय्यक मित्रहो, वॉटर बाथ, म्हणजे पात्रे गरम पाण्यात ठेवून तापवायची विजेची टाकी, मांडताना पहिला प्रश्न तो किती तापेल हा नसून त्यातले पाणी तापवणाऱ्या कॉइलवर किती वेळ टिकेल हा आहे, आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो रोज विचारावा लागतो. मी नोकरीला लागलो त्या वर्षी एप्रिलमध्ये ६० अंशांवरचा बाथ झाकण न ठेवता रात्रभर चालू ठेवला होता. सकाळी दार उघडताच जळकट वास आला. पाणी कॉइलच्या खाली गेले होते, प्लॅस्टिकच्या रॅकचे पाय वाकले होते आणि उघडी पडलेली कॉइल निळसर-काळी झाली होती. पाणी कमी होताच किंवा ताप मर्यादेबाहेर जाताच वीज तोडणारी सोय त्या बाथला नव्हती. आपल्या बाथला ती आहे का, हे परत गेल्यावर अवश्य पाहा. नसेल तर तो कोणी जवळ नसताना चालू ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

पाणी भरताना रॅक आणि भरलेली शंकुपात्रे आत ठेवूनच पातळी ठरवावी, कारण रिकाम्या बाथमध्ये काठोकाठ भरलेले पाणी पात्रे ठेवताच ओट्यावर सांडते. सगळी पात्रे बाहेर काढल्यावरही कॉइल बुडालेलीच राहते ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. बोअरचे जड पाणी वापरल्यास कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि कॉइल आतल्या आत जास्त तापते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर बरे. बाथ धुताना ब्लीचिंग पावडर वापरू नये, क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक छिद्रे पडतात.

विजेचे थोडक्यात सांगतो. १५०० वॉटचा बाथ २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे तो अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला थेट जोडावा, एक्स्टेंशन बोर्डाला नव्हे. बाथची वाफ आणि कूलरची दमट हवा स्विचबोर्डावर येणार नाही अशीच जागा निवडावी.

मे महिन्यात एक तक्रार हमखास येते: बाथ ३७ अंशांवर लावला, पण थर्मामीटर ४१ दाखवतो. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट बिघडलेला नसतो, खोलीच तेवढी तापलेली असते. थंड करण्याची सोय नसलेला, झाकलेला बाथ खोलीपेक्षा थंड राहू शकत नाही. म्हणून एन्झाइमचे प्रयोग सकाळी किंवा वातानुकूलित खोलीत करावेत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९९ अंशांच्या आसपासच उकळते, तेव्हा थर्मोस्टॅट १०० वर ठेवल्यास कॉइल कधी बंदच होत नाही आणि पाणी झपाट्याने आटते.

शेवटी ईथर, हा झटकन पेट घेणारा द्रावक. तो ३५ अंशांच्या आतच उकळतो, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ओट्यावरून दूरवर सरकते आणि थर्मोस्टॅटच्या एका ठिणगीने पेटू शकते. त्याचे पात्र तापवायचे असल्यास ते फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात), आधी दुसरीकडे तापवून आणलेल्या कोमट पाण्यात ठेवावे. विजेच्या बाथजवळ ते नेऊच नये.