हिरवी पाटी

(दृश्य: शोरूम. गाडीवरचं लाल कापड ओढलं जातं.)

नारळ फुटला. पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली धरून घरातल्या सगळ्यांचा फोटो झाला. आता बंपरवर पाटी बसतेय. हिरव्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे खासगी इलेक्ट्रिक गाडी. अक्षरं पिवळी असती, तर धंद्याची. 2018 मध्ये हा रंग ठरला तो टोलनाक्यावर आणि पार्किंगमध्ये सवलत देताना गाडी पटकन ओळखू यावी म्हणून. पण सोसायटीच्या फाटकातही ती तितकीच पटकन ओळखू येते. पसंतीच्या क्रमांकासारखी हिरवी पाटीही आता मिरवायची गोष्ट झाली आहे.

(दृश्य: बिल, अगदी जवळून.)

जीएसटी 5 टक्के. मोटार वाहन कर शून्य. हा शून्य नीट बघा. महाराष्ट्रात पेट्रोलच्या खासगी गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के कर बसतो, 20 लाखांच्या वर 13 टक्के. म्हणजे 10 लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला 1 लाख 10 हजार माफ, आणि 60 लाखांची घेणाऱ्याला 7 लाख 80 हजार. मार्च 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना 6 टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. आमच्या मते तो राहायला हवा होता.

राज्याच्या जुलै 2021 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात अनुदानाला निदान मर्यादा तरी होती. बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे, म्हणजे विजेच्या एका युनिटामागे, 5 हजार रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, तेही पहिल्या 10 हजार चारचाकींना. 30.2 किलोवॅट-तासांच्या बॅटरीचे होतात 1 लाख 51 हजार. वरचे एक हजार कापले जायचे. लवकर घेणाऱ्याला आणखी 1 लाख. तीनचाकीला मूळ अनुदान कमाल 30 हजार.

(दृश्य: तळघरातलं पार्किंग. वायरमन केबल सोलतोय.)

गाडी दारात आली, तरी काम इथे सुरू होतं. 7.2 किलोवॅटचा चार्जर 230 व्होल्टवर 31-32 अँपिअर ओढतो, तेही सलग पाच-सहा तास. गिझर इतका वेळ चालत नाही, म्हणून गिझरच्या वायरीचा हिशेब इथे चालत नाही. मीटरपासून चार्जरपर्यंत 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते. अंतर 30-40 मीटरच्या पुढे गेलं तर 10 चौरस मिलिमीटरची, नाहीतर शेवटाला व्होल्टेज पडतं. मध्ये 40 अँपिअरचा आरसीबीओ, म्हणजे जास्त भार आला किंवा वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअर गळतीला उडणारा. अर्थिंग चांगलं हवंच. चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसला, तर आधी अर्थिंग तपासा. वायरमन स्क्रू दुसऱ्यांदा आवळतोय, तेही उगाच नाही. सांधा सैल राहिला की तापतो, मग इन्सुलेशन वितळतं.

घराचा मंजूर वीजभार तीन-चार किलोवॅट असेल, तर तो वाढवून घ्या किंवा वेगळं मीटर घ्या. महावितरणकडे चार्जिंगचा वीजदर स्वतंत्र आहे. सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. केबल सामाईक भिंतीवरून जाते, आणि अर्ज अडतो तो बहुधा तिथेच. ज्याच्या नावावर पार्किंग नाही, त्याला अर्जही करता येत नाही.

(दृश्य: भेकराईनगर आगार, पुणे. रात्र. चार्जिंगला लागलेल्या बसच्या रांगा.)

पीएमपीच्या या ई-बस पुण्यात 2019 पासून धावतात. एका बसचं दिवसाचं धावणं दोनशे किलोमीटरच्या आसपास. तळघरातली ती गाडी दिवसाचे बावीस तास उभी असते. सवलतीचा पैसा बसगाड्यांना आणि रिक्षांना आधी मिळायला हवा, कारण डिझेल आणि सीएनजी वाचतं ते धावणाऱ्या चाकांखाली.

(दृश्य: अटल सेतू. खाली खाडी, पलीकडे न्हावाशेवा.)

21.8 किलोमीटर. पेट्रोल गाडीला एका फेरीचे 250 रुपये. ऑगस्ट 2025 पासून इलेक्ट्रिक कार आणि बसना टोल माफ. हिरवी पाटी पुढे येते, पैसे न कापता जाते.

तिच्या मागे ई-टेम्पो. पाटी हिरवीच, अक्षरं पिवळी. मालवाहू इलेक्ट्रिक गाड्या या माफीत नाहीत. फास्टॅग वाचला जातो, टोल कापला जातो, टेम्पो पुलावर चढतो.