फास्ट चल, फास्ट गेली

[दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळ. पादचारी पुलावर गर्दी.]

"अगं, फास्ट चल! एक फास्ट गेली, आता दुसरी फास्ट लोकल येतेय!"

एका दमात तीन वेळा 'फास्ट'. पहिला चालण्याबद्दल बोलतो, म्हणून क्रियाविशेषण. दुसरा म्हणजे खुद्द गाडीच, ते नाम. तिसरा लोकलचा प्रकार सांगतो, ते विशेषण. नुसता शब्द दाखवून "याची जात कोणती?" असं विचारलं, तर उत्तर देताच येणार नाही.

बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला इथे पोचली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण त्याआधीच, १८३६ मध्ये, छापलं गेलं होतं. ठाण्यात गाडीच्या आधी व्याकरण आलं म्हणायचं!

[दृश्य: इंडिकेटर, मग स्टेशनबाहेर रिक्षांची रांग.]

'पुढील स्टेशन' मधलं 'पुढील' विशेषण. 'पुढे सरका' मधलं 'पुढे' क्रियाविशेषण. 'स्टेशनपुढे' म्हटलं की तेच 'पुढे' नामाला चिकटतं आणि शब्दयोगी अव्यय होतं. इथवर सोपं आहे.

[दृश्य: प्लॅटफॉर्म ९-१०. वाशीची गाडी शिरते.]

"आज गाडी रिकामी आली!"

शाळेत शिकवलं होतं, क्रियापदाला 'कसं' विचारा, मिळेल ते क्रियाविशेषण. गाडी कशी आली? रिकामी. लिहिलं आणि मार्क गेले. कारण रिकामी आहे ती गाडी, तिचं येणं नव्हे. 'रिकामी गाडी आली' म्हणा, अर्थ तोच राहतो. 'गाडी उशिरा आली' चं तसं नाही. 'उशिरा' फक्त येण्याला लागू. गाडीला लावायचं तर 'उशिराची गाडी' करावं लागतं.

मग दुसरा नियम आठवतो: लिंगवचनाप्रमाणे बदलतं ते विशेषण.

[दृश्य: धावत्या डब्यात भजन. टाळ.]

"बुवा चांगले गातात."
"त्यांची मुलगीपण चांगली गाते."

चांगले, चांगली. शब्द बदलला, तरी कौतुक गाण्याचंच. 'चांगली मुलगी गाते' म्हणून बघा. आता ते तिच्या स्वभावाचं प्रशस्तिपत्र झालं! म्हणजे हे क्रियाविशेषणच, फक्त अव्यय (रूप न बदलणारा शब्द) नव्हे. 'क्रियाविशेषण अव्यय' असं जोडीनंच पाठ केल्यामुळे इथे भलेभले अडखळतात. माझं मत विचाराल तर धडा सुरूच या वाक्यापासून करावा. 'हळूहळू' आणि 'भरभर' काय, कुणालाही ओळखता येतात.

[दृश्य: ऐरोली. दारात झुंबड.]

'सरळ' मात्र कुठेच रूप बदलत नाही. सरळ रस्ता, सरळ काठी, सरळ माणसं. तेव्हा रूप बघून इथे काही कळायचं नाही.

"अहो, दारात काय उभे राहता? सरळ आत चला!"

'सरळ' आणि 'आत', दोघंही चालण्याच्याच मागे लागलेत.